चोळू नका, थेंब टाका

डोळ्याला खाज सुटली की हात आपोआप वर जातो. चोळल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण लगेच खाज आणखी जोराने उसळते. हा निव्वळ भास नाही. चोळण्याने खाज खरोखरच वाढते, आणि ॲलर्जीच्या थेंबांचं महत्त्व कळायचं तर आधी हे समजून घ्यावं लागतं.

पापण्यांच्या आतून आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून एक पातळ, पारदर्शक आवरण गेलेलं असतं. त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. या आवरणात मास्ट पेशी, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पेशी, लाखोंनी असतात आणि प्रत्येकीत हिस्टामिन नावाच्या रसायनाने भरलेले सूक्ष्म कण ठासलेले असतात. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या मास्ट पेशींवर ‘आयजीई’ प्रकारची प्रतिपिंडं आधीपासूनच बसलेली असतात. गवताचा परागकण किंवा गादीतल्या धुळीच्या किड्यांचा अंश अश्रूंत भिजला, त्यातलं प्रथिन या प्रतिपिंडांना जाऊन चिकटलं, की मास्ट पेशी आपल्याकडचा साठा बाहेर ओतते. काही मिनिटांतच हिस्टामिन आसपासच्या चेतातंतूंवरच्या एच-१ ग्राहींना, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागांना, गाठतं आणि खाज सुटते. तेच हिस्टामिन रक्तवाहिन्या रुंदावतं, म्हणून डोळा लाल होतो. त्या वाहिन्यांतून द्रव झिरपतो, म्हणून पापणी सुजते. आणि डोळा चोळला की दाबामुळेही मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं. मूळ परागकण धुऊन गेला तरी चोळणं सुरूच राहिलं, तर खाजही सुरूच राहते.

हिस्टामिनचा शरीरावरचा परिणाम हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये मांडला. त्याला अडवणारं पहिलं रसायन डॅनियल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९३७ मध्ये सापडलं आणि बोव्हेंना १९५७ चं नोबेल मिळालं. ते रसायन विषारी असल्याने माणसांसाठी वापरता आलं नाही, पण वाट मात्र मोकळी झाली.

आज डोळ्यांसाठी बहुधा ओलोपॅटाडिन किंवा किटोटिफेनचे थेंब लिहून दिले जातात. ही औषधं दुहेरी काम करतात. एच-१ ग्राही आधीच अडवून ठेवतात, त्यामुळे मोकळं हिस्टामिन आलं तरी त्याला जागा मिळत नाही, आणि शिवाय मास्ट पेशींनी साठा ओतू नये म्हणून त्यांनाही आवरतात. पहिल्या कामाचा गुण काही मिनिटांत येतो. दुसऱ्या कामाचा फायदा नियमित वापरानेच दिसतो. म्हणून ज्यांना दरवर्षी ठरावीक मोसमात त्रास होतो त्यांनी खाज असह्य झाल्यावर बाटली शोधण्यापेक्षा मोसम लागतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब सुरू करणं शहाणपणाचं. महाराष्ट्रात गाजर गवताच्या फुलोऱ्यात पुष्कळांना हा अनुभव येतो. हे गवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि नंतर देशभर पसरलं.

थेंब किती टाकायचे? एका वेळी एकच. पापणीच्या आतल्या खोबणीत साधारण ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतून पडणारा एक थेंब बहुधा तितकाच किंवा त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब लगोलग टाकला तर तो गालावरूनच ओघळतो. हात धुवावेत, मान मागे करावी, खालची पापणी हलकेच ओढून तिथे थेंब सोडावा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरावा. अश्रू तिथल्या नळीतून नाकात आणि पुढे घशात उतरतात. थेंब टाकल्यावर घशात कडवट चव येते ती त्यामुळेच. दुसरं एखादं औषध टाकायचं असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभराने टाकून द्यायच्या असतात, तेव्हा उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहून ठेवावी. बऱ्याच थेंबांतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक द्रव्य मऊ काँटॅक्ट लेन्स शोषून घेते, म्हणून लेन्स काढून थेंब टाकावा आणि निदान पंधरा मिनिटांनी परत लावावी.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. खाजेवर थेंब मागायला आलेल्याच्या हातात औषधाच्या दुकानातून कधी स्टेरॉइडची बाटली पडते. बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनने खाज आणि लाली झपाट्याने उतरते, म्हणून घरच्यांना हेच औषध भारी वाटतं आणि बाटलीमागून बाटली आणली जाते. पण काही जणांच्या डोळ्यांत अशा थेंबांनी आतला दाब काही आठवड्यांत वाढतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि दृष्टीचा कडेचा भाग हळूहळू हरवत जातो. हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूचाही धोका असतोच.

मुलांबाबत हे अधिक गंभीर आहे. आपल्यासारख्या उष्ण हवामानात लहान वयात, विशेषतः मुलग्यांमध्ये, ‘व्हर्नल’ प्रकारची ॲलर्जी आढळते. ती बहुधा वयात येण्याच्या सुमारास ओसरते, पण तोवर वर्षानुवर्षं औषध लागू शकतं. त्यात स्टेरॉइड लागतंच असं काही वेळा होतं, पण मग डोळ्याचा दाब मोजत, ठरावीक दिवसच. याच मुलांत सतत चोळण्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याची भीती असते. त्यामुळे ‘मूल सारखे डोळे चोळतं’ ही तक्रार आईवडिलांनी किरकोळ मानू नये. थेंब टाकेपर्यंत स्वच्छ ओल्या कापडाची गार घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवली तरी मुलाला बराच आराम मिळतो.

लाली घालवणारे नाफाझोलिनचे थेंब म्हणजे ॲलर्जीचं औषध नव्हे. ते रक्तवाहिन्या आकसवतात आणि फार दिवस वापरले तर लाली उलट वाढते. पोटातून घ्यायच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी काहींचे डोळे कोरडे पडतात, म्हणून त्रास फक्त डोळ्यांना असेल तर थेंबच बरे.

खाजेऐवजी दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल, पिवळा घट्ट स्राव येत असेल किंवा एकाच डोळ्याला त्रास असेल, तर ती साधी ॲलर्जी नसण्याची शक्यता जास्त. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना घरात आतापर्यंत वापरलेली प्रत्येक बाटली सोबत न्या. रिकामी झालेलीसुद्धा. दाब मोजायचा की नाही हे बाटलीवरचं नाव वाचून त्यांना लगेच ठरवता येतं.