ग्लासातला प्राणवायू संपत नाही

सोलापुरातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हा प्रयोग हटकून दिसतो: ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. ‘प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली,’ पोरं घडाघडा सांगतात. (परीक्षकही मान डोलावतात.)

खरं कारण वेगळं. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी बुडबुड्यांतून निसटते. मग उरलेली गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यालाही विज्ञानाची प्रक्रिया शिकवणं अपेक्षित होतं, पाठांतर नव्हे. तेव्हा एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा. प्राणवायू तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं. तेही बहुतेक ज्योती विझल्यावर.