इमर्स्ड लागवड (अ‍ॅक्वेरियमची झाडं)

इमर्स्ड (emersed, म्हणजे पाण्याबाहेरची) लागवड म्हणजे फिशटँकमधली झाडं टँकबाहेर वाढवायची, मुळं चिंब ओल्या मातीत आणि पानं हवेत. ऐकायला उलटं वाटतं, पण टँकमध्ये दिसणारी बरीचशी झाडं मुळात ओढ्याकाठची आणि दलदलीतलीच आहेत, पावसाळ्यात बुडायचं आणि पाणी ओसरलं की परत हवेत यायचं हाच त्यांचा धर्म. क्रिप्टोकोरिन, अनुबियास, बुसेफॅलँड्रा ही तिन्ही आपल्या अळूच्या कुळातली, आणि परसात मोरीच्या पाण्यावर अळू कसं फोफावतं ते सगळ्यांनी बघितलंय. आपण औषधी म्हणून कुंडीत लावतो ती ब्राह्मीच दुकानात बकोपा नावाने टँकसाठी मिळते. रोटालाच्या काही जाती तर सह्याद्रीतल्या भातखाचरांत तण म्हणून उगवतात. उलट व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट ही पक्की पाण्यातली, बाहेर काढली की थोड्या वेळात लोळागोळा होतात, त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.

फायदा कशात आहे तर कार्बन डायऑक्साइडमध्ये. हा वायू हवेपेक्षा पाण्यात जवळपास १०,००० पट सावकाश पसरतो, म्हणून टँकमध्ये सिलिंडर लावावा लागतो, आणि पान हवेत असलं की तोच वायू फुकट मिळतो. शेवाळ पानांवर चढत नाही, पाण्यातल्या गोगलगायी येत नाहीत. डेन्मार्कची ट्रॉपिका आणि इतर मोठ्या नर्सऱ्याही ग्रीनहाऊसमध्ये बहुतेक झाडं अशीच वाढवतात, त्यामुळे दुकानातून आणलेल्या रोपाची पानं टँकमध्ये गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत पारदर्शक होऊन विरघळली तर घाबरायचं कारण नाही. मूळ किंवा रायझोम (आडवं वाढणारं जाड खोड) दाबून बघा, टणक असेल तर झाड जिवंत आहे, पाण्याखालची नवी पानं येतील. कितीतरी चांगली रोपं लोक या टप्प्यावर फेकून देतात आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

नाशिकमध्ये करायचं तर सुरुवात जून-जुलैत करावी, तेव्हा हवेतच एवढा ओलावा असतो की निम्मं काम पाऊस करतो. अवघड आहेत ते दोन काळ. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो, निफाडकडे तर अजून खाली, आणि बोर्निओहून आलेलं बुसेफॅलँड्रा अशा थंडीत जागच्या जागी थांबतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास आणि हवा कोरडी ठक्क, तेव्हा बंद डबा उन्हात राहिला तर झाडं अक्षरशः उकडतात. यावर आपल्याकडे सोपा इलाज म्हणजे फळांचा थर्माकोलचा खोका, वर झाकण म्हणून काच. थंडी आणि गरमी दोन्ही अडतात. खोका पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीत ठेवा, नाहीतर वर साधी एलईडी ट्यूब १० तास लावा.

नुसती काळी माती घेऊ नका, ती चिकट होऊन बसते आणि मुळं गुदमरतात. अर्धी माती, अर्धी धुतलेली वाळू, वरून मूठभर गांडूळखत, बस. पाणी मातीच्या पातळीच्या बोटभर खाली ठेवायचं. अनुबियासचा रायझोम मातीत पुरला की कुजतो, तो वरच ठेवावा. द्राक्षबागेत वापरतात ते पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत शेतीच्या कुठल्याही दुकानात मिळतं, लिटरमध्ये पाव ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, जास्त नको.

सगळ्यात नाजूक टप्पा पहिले दोन-तीन आठवडे. टँकमधून काढलेलं पान हातात धरलं तर ओल्या टिश्यू पेपरसारखं बोटाला चिकटतं, त्यावर ओल धरून ठेवणारा मेणाचा थर जवळजवळ नसतोच, म्हणून उघड्यावर ते तासाभरात कुरकुरीत होतं. झाकण पूर्ण बंद ठेवायचं, आतल्या काचेवर थेंब दिसले पाहिजेत. जुनी पानं जातील, जाऊ द्या. नवीन पान येतं ते आखूड, जाड, स्वतःच्या देठावर ताठ उभं राहणारं. अशी तीन-चार पानं आली की झाकण रोज थोडं थोडं सरकवायचं, घाई केली तर परत पहिल्यापासून.

मावा आणि बुरशी हे नेहमीचे पाहुणे. कीटकनाशक मात्र मारू नका, त्याचा अंश टँकमध्ये गेला तर कोळंबी पटापट मरते. रोप दिवसभर बादलीत बुडवून ठेवलं की मावा जातो, झाडाला काही होत नाही. बुरशीसाठी सडकी पानं काढून रोज पाच मिनिटं झाकण उघडायचं. छाटलेल्या काड्या नाल्यात किंवा गोदावरीत टाकू नयेत, जलपर्णीने नदीचं काय केलंय ते आपण बघतोच आहोत.

पाण्याखाली क्रिप्टोकोरिनचं फूल क्वचितच नीट उमलतं, इमर्स्डमध्ये मात्र झाड रुळलं की येऊ शकतं. मातीलगत एक बारीक नळी वर येते, तिचं टोक उघडून पिळलेल्या जिभेसारखं दिसतं आणि बुडाशी छोटीशी कुपी असते. वासाने आत शिरलेल्या चिलटांना ही कुपी काही काळ अडकवून ठेवते, आधी मादीफुलं तयार असतात, मग परागकण सुटतात आणि ते अंगाला लावूनच चिलटं बाहेर पडतात. पान बाजूला सारून वाकून बघितलं तरच हे सापडतं.