सायबर सुरक्षेतलं एम.टेक. म्हणजे हॅकिंगचा क्लास नव्हे

नाशिकात कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंत आयटीतली मुलं आणि त्यांचे पालक वर्षानुवर्षं एकच समजूत ऐकत आलेत: सायबर सिक्युरिटीत एम.टेक. म्हणजे हॅकिंग, ते छोट्या कोर्समध्येही येतं, आणि नोकरीत मुरलेल्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

हे खरं नाही. हॅकिंग, म्हणजे पेनिट्रेशन टेस्टिंग (कमकुवत जागा शोधायला यंत्रणेवर मुद्दाम केलेला हल्ला), हा अभ्यासाचा एक तुकडा. तोही लेखी परवानगीनेच. नाहीतर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उरलेला अभ्यास मोठा आहे: १९७७ च्या आरएसए या कूटलेखन पद्धतीमागचं अंकगणित, नेटवर्क, कायदा आणि फॉरेन्सिक्स, म्हणजे डिजिटल पुराव्यांची तपासणी. जप्त डिस्कची प्रत काढून दोन्हींचे हॅश (मजकुरावरून काढलेली ठशासारखी खूण) जुळवायचे, तरच पुरावा टिकतो. हे घाईत शिकता येत नाही.

आणि अनुभव आडवा येतो म्हणणाऱ्यांनी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२ चे निर्देश पाहावेत. ठरावीक घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या, लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. रात्री-अपरात्री सर्व्हर सांभाळलेल्या माणसाला त्या लॉगमधलं वेगळं काही चटकन दिसतं. माझ्या मते हा अभ्यास त्याच्यासाठीच जास्त आहे.

सातपूर-अंबडसारख्या कारखानदारीच्या शहरात तर पीएलसीची, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांची, सुरक्षा शिकलेली माणसं हवीतच. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने अशाच पीएलसीमार्फत यंत्रांवरच घाला घातला होता. प्रवेश घेताना अभ्यासक्रमात हा विषय आणि फॉरेन्सिक्सची प्रयोगशाळा आहे का, हे आधी विचारा.