स्पॅनिशमध्ये 'होम' म्हणजे ओगारच? नाही हो

वाशी-ठाण्यात स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक फंडा कधीपासून फिरतोय की हाऊस म्हणजे कासा आणि होम म्हणजे ओगार. अर्धवट आहे हे. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून 'घरी चाललोय' असं स्पॅनिशमध्ये सांगायचं तर सरळ 'बोय आ कासा', घरी पोचलात की 'एस्तोय एन कासा', मध्ये 'ला' (इंग्रजीतल्या 'द'सारखा स्पॅनिश शब्द) पण लावायचा नाही, आणि घर म्हणजे वन बीएचके असला तरी कासाच चालतं. ओगार मूळचा चुलीचा शब्द, लॅटिन फोकुसवरून आलेला, अजून डिक्शनरीत तो अर्थ आहे. आता तो जास्त करून जाहिरातीत, सरकारी कागदांवर, नाहीतर 'सिन ओगार' म्हणजे बेघर, असा भेटतो. 'बोय आ मी ओगार' म्हणालात तर कळेल सगळ्यांना, फक्त जरा नाटकातला डायलॉग वाटेल.