सेल्फ गेलाय की सेल्फपर्यंत करंटच पोचत नाहीये?

बोटीचं इंजिन सुरू होईना की बहुतेकजण लगेच सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, काढायला घेतात. माझा पहिला संशय मात्र केबलवर जातो. खारी हवा आधी जोड खाते. टर्मिनल वरून चकचकीत दिसतं, पण लग्जच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यांच्या) आत तांब्यावर हिरवा थर चढलेला असतो. लक्षणं इतकी सारखी असतात की नुसतं बघून निवाडा करू नये.

आवाजावरून थोडाफार अंदाज येतो. भरभर टकटकटक वाजलं तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. सेल्फ नुसता गरगर फिरतोय आणि इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्स (इंजिनाच्या चाकात अडकून ते फिरवणारं सेल्फचं दातेरी चाक) किंवा त्याचा क्लच गेला. तिथे केबलचा काही दोष नाही. काहीच आवाज नसेल तर गियर न्यूट्रलमध्ये आहे का बघा, मग फ्यूज आणि किल्लीकडून येणारी बारीक वायर. खरा घोळ होतो तो एकच जड 'टक' येऊन सगळं थांबतं तेव्हा.

तेव्हा मल्टिमीटर काढा. इंजिन सुरू होणार नाही अशी सोय करा; पेट्रोल इंजिन असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे हवा बाहेर काढणारा पंखा, चालवून तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर घालवा. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते. आता कुणाला तरी किल्ली धरायला सांगा आणि सोलेनॉइडच्या (किल्ली फिरवल्यावर मोटरला करंट जोडणाऱ्या, सेल्फवरच्या स्विचच्या) दोन जाड बोल्टांवर, बॅटरीकडच्या आणि मोटरकडच्या, आळीपाळीने रीडिंग घ्या. पहिल्यावर १२ आणि दुसऱ्यावर शून्य, म्हणजे 'टक' होऊनही आतले कॉन्टॅक्ट जळाल्यामुळे करंट पुढे जात नाही. दोन्हीकडे १२ असून मोटर गप्प असेल तर बहुधा कार्बन, म्हणजे मोटरच्या आत फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, झिजलेत. बॉडीवर हलकेच ठोकल्यावर एखादवेळ फिरली, तर कार्बनचा संशय आणखी पक्का.

बॅटरीवर १२ आणि पहिल्या बोल्टवर ७ आले, तर सेल्फ निर्दोष आहे. मधली केबल, मेन स्विच किंवा जोड व्होल्टेज खातोय. अर्थची बाजू, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, लोक हमखास विसरतात. किल्ली धरलेली असतानाच बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजा. अर्धा व्होल्ट पडत असेल तर गंज शोधाच.

बॅटरीच्या पोस्टवरच ८ दिसले तर घाई नको. बॅटरी कमजोर असेल, किंवा आतून शॉर्ट झालेला सेल्फ तिला खाली ओढत असेल. खात्रीची दुसरी बॅटरी लावून बघा. आणि एक तपासणी कधीच टाळू नका: क्रँक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर चांगला सेल्फही एक 'टक' करून अडतो, आणि तसंच रेटलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणूनच एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी जाणाऱ्या इंजिनावर सारखी किल्ली मारायची असेल तर सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद ठेवतात (इंजिन सुरू होताच तो उघडायचा), नाहीतर मफलर भरून पाणी उलटं येतं.

सेल्फच दोषी ठरला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, वायरींचा फोटो घ्या, मग बोल्ट. मागे पातळ शिम (अंतर जुळवायच्या पत्र्याच्या चकत्या) निघाल्या तर त्या परत तिथेच बसवायच्या. भोकातून फ्लायव्हीलच्या रिंग गियरचे दात बघून घ्या. तुटके दात नवा बेंडिक्सही चावतील. बसायची जागा घासून धातू उघडा करा, कारण बहुतेक इंजिनांत अर्थ तिथूनच मिळतो. केबलचा नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर बोल्ट फिरून सोलेनॉइडची टोपी तडकते.

पेट्रोल इनबोर्डवर, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनावर, कारचा सेल्फ बसवू नका, दिसायला हुबेहूब असला तरी. मरीन सेल्फ असा बनवलेला असतो की आतल्या ठिणगीने बाहेर साचलेली पेट्रोलची वाफ पेटत नाही. कारच्या सेल्फमध्ये ती सोय नसते.