चालढकल

करायचे ठरवलेले काम, लांबवल्याने आपलेच नुकसान होणार हे ठाऊक असूनही, आपणहून पुढे ढकलत राहण्याची सवय. पिअर्स स्टील या कॅनडातील अभ्यासकाने २००७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यातली व्याख्या साधारण अशीच आहे.

चालढकलीला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. आळशाला काम नकोच असते. चालढकल करणाऱ्याला ते करायचे असते आणि न केल्याची टोचणीही असते. तो स्वस्थ बसत नाही, कपाट आवरतो, मोबाइल चाळतो. सबमिशनच्या आदल्या रात्री सत्रभराची जर्नल्स उतरवून काढणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्या रात्री किती राबतात, हे वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही माहीत आहे.

काम समोर आले की कंटाळा येतो, धास्ती वाटते, जमेल की नाही अशी शंका येते. ते बाजूला सारताच हायसे वाटते आणि हे हायसे वाटणेच सवय पक्की करते. म्हणून नुसते वेळापत्रक भिंतीला चिकटवून फारसे साधत नाही. ‘दडपणाखालीच माझे काम चांगले होते’ हा समजही तपासावा. डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांच्या १९९७ मधील अभ्यासात चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांहून निवांत होते. सत्र संपताना मात्र त्यांचा ताण व आजारपण वाढलेले आणि गुण कमी होते.

सवय मोडण्याच्या उपायांत सर्वांत भरवशाचा उपाय अगदी साधा आहे: काम कधी आणि कुठे करायचे हे आधीच ठरवणे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तान्त दोन दिवसांत लिहायला सांगितला. वेळ व जागा आधी नेमकी लिहून दिलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी तो मुदतीत लिहिला; इतरांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास राहिले. ‘या आठवड्यात विम्याचा अर्ज भरायचा’ यापेक्षा ‘रविवारी सकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलाशी बसून भरायचा’ हे ठरवणे म्हणूनच उपयोगी. कामाचा पहिला तुकडाही लहान हवा. ‘प्रबंध लिहायचा’ म्हटले की छातीत धस्स होते, एका परिच्छेदाने तसे होत नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही पद्धत याच कारणाने अनेकांना मानवते.

स्वतःला कोसणे मात्र उलटते. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केलेल्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केली. घरात आणि शाळेत मुलांना ‘आळशी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी.

कार्यालयांतील दिरंगाईचे स्वरूप वेगळे असते, कारण तिथे नुकसान दुसऱ्याचे होते. महाराष्ट्रात त्यासाठी २००५ चा, ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखला जाणारा अधिनियम आहे. त्यानुसार सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये.

चालढकल हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. मात्र नैराश्य, चिंताविकार किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड जाणारा, अतिचंचलतेचा विकार) असलेल्यांत ती वारंवार दिसते. नोकरी, शिक्षण किंवा झोप बिघडण्याइतकी ती वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. तिच्यासाठी वर्तनोपचारही दिले जातात.