सामाजिक चिंता (महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील)

चार लोकांत आपले हसे होईल, लोक नावे ठेवतील, या धास्तीने बोलणे, खाणे, कुणाच्या नजरेला पडणेही नकोसे होणे म्हणजे सामाजिक चिंता. तिच्या तीव्र रूपाला सामाजिक भयगंड असेही म्हणतात. घरीदारी अशा मुलाला बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ म्हणून मोकळे होतात आणि गफलत तिथेच होते. बुजरा मुलगा महिन्याभरात वर्गात रुळतो. एकलकोंड्याला एकटेपण आवडते. सामाजिक चिंता असलेल्याला मित्र हवेच असतात. कट्ट्यावरच्या घोळक्याकडे तो रोज पाहतो आणि रोज लांबच्या जिन्याने जातो.

ही चिंता बहुतेकदा ८ ते १५ या वयात सुरू होते, पण उघडी पडते ती महाविद्यालयात. शाळेत बाक ठरलेला, शेजारी ठरलेला, बाई लहानपणापासून ओळखणाऱ्या. 'शांत मुलगी' हे तर प्रगतिपुस्तकातले कौतुकच. महाविद्यालयात मात्र ओरल, प्रेझेंटेशन, ग्रुप प्रोजेक्ट, हॉस्टेलची मेस असे सगळे एकदम अंगावर येते. साधी हजेरी घ्या. एका मुलीचा रोल नंबर ३७. पुकारा २९ वर असतानाच छाती धडधडू लागते, तळव्यांना घाम फुटतो. 'येस सर' मनातल्या मनात पाचदा म्हणून झालेले असते. नंबर येतो, शब्द घशातच अडकतो, सर पुढे जातात. तास संपल्यावर टेबलापाशी जाऊन 'सर, मी होते' एवढे सांगणे त्याहून कठीण. सत्राच्या शेवटी ७५ टक्के हजेरी भरत नाही म्हणून डिफॉल्टर यादीत नाव लागते, आणि तिने एकही तास बुडवलेला नसतो.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १९०३ मध्ये सामाजिक प्रसंगांच्या भयाचे वर्णन केले होते. १९६६ मध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकल गेल्डर या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी ते इतर भयगंडांपासून वेगळे काढले आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. आजच्या निकषानुसार त्रास साधारण ६ महिने किंवा अधिक टिकलेला असावा आणि त्यामुळे शिक्षण, काम किंवा नाती अडलेली असावीत.

ही भीती टिकते कशी, याची उत्तम उकल डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये केली. धास्तावलेल्या माणसाचे लक्ष समोरच्याकडून सुटून स्वतःवर खिळते: आवाज कापतोय का, कान लाल झालेत का. मग आतून जसे वाटते तसेच बाहेरून दिसत असणार, अशी त्याची खात्री पटते. त्यात भर पडते बचावाच्या युक्त्यांची. शेवटचा बाक, कानात इअरफोन, रिकाम्या स्क्रीनवर फिरणारे बोट, घोकून ठेवलेली वाक्ये. प्रसंग निभावतो, पण श्रेय युक्तीला जाते. युक्ती नसती तरीही काही बिघडले नसते, हे कळायची वेळच येत नाही.

लोक आपल्याकडे किती पाहतात याचा अंदाज तर जवळपास सर्वांचाच चुकतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ओशाळवाणे चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवले. खोलीतल्या निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असे घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात तो पावभागाहूनही कमी जणांच्या लक्षात आला होता. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात या चिंतेला इंग्रजीच्या धास्तीचा आणखी एक थर चढतो. मराठी माध्यमातून अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला आलेल्या मुलाची ओरलमध्ये त त प प होते, कारण उत्तर येत असूनही वाक्य सापडत नाही. हा भाषेचा प्रश्न आहे आणि तो सरावाने सुटतो. कॅन्टीनच्या खिडकीशी मराठीतून 'एक मिसळ द्या' म्हणतानाही तसेच होत असेल, तर मूळ वेगळे आहे. दोन्ही एकत्रही असतात, आणि मग सगळा दोष इंग्रजीवर टाकून चिंता तशीच राहून जाते.

उपायाचे एक जुने उदाहरण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांचे. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना, वयाच्या १९ व्या वर्षी, मुलींशी बोलायच्या भीतीवर तोडगा म्हणून ते महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात गेले आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचेच असे त्यांनी ठरवले. त्यांच्या सांगण्यानुसार अशा १३० जणी भेटल्या. ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले. भेटीला एकीनेच होकार दिला, तीही आली नाही. भीती मात्र ओसरली, कारण नकाराने आभाळ कोसळत नाही हे शंभरदा अनुभवून झाले होते. पुढे १९५५ पासून त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रासामागचे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, विकसित केली. मराठीत ती रुजवण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेचा मोठा वाटा आहे.

एलिस यांची धडाडी सर्वांना झेपणार नाही. समुपदेशक पायऱ्या पाडून देतात: आधी ग्रंथपालाला एक प्रश्न, मग प्रॅक्टिकलच्या जोडीदाराबरोबर चहा, मग वर्गात एक शंका. प्रत्येक पायरी धडधड ओसरेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची आणि लक्ष स्वतःच्या आवाजावरून समोरच्याच्या बोलण्याकडे वळवायचे. एकांकिका स्पर्धेच्या तालमी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर ही यासाठी फार चांगली ठिकाणे. प्रकाशयोजना सांभाळणे, भाकऱ्या वाढणे असे हाताला काम असले की बोलणे आपोआप निघते. विंगेत उभे राहणे हाही सहभागच आहे.

त्रास जास्त असेल तर विचार व वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती सर्वाधिक उपयोगी ठरते. सर्ट्रालिनसारखी औषधेही दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायची नसतात. धीर यावा म्हणून पार्टीत दारू घेणे हीही बचावाची युक्तीच, आणि सर्वांत घातक. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. अनोळखी माणसाला फोन करणे हेच ज्याला सर्वांत जड, त्याच्या शेजारी मित्राने बसून नंबर लावून द्यावा.

शिक्षकांच्या हातातही बरेच असते. भर वर्गात 'तोंड उघड की' म्हटल्याने ते तोंड आणखी मिटते. ओरलला आलेल्या मुलीला आधी तिच्याच जर्नलमधली एक आकृती समजावून सांगायला लावावी, तिची बोटे आकृतीवर फिरू द्यावीत, आणि मग पुढचा प्रश्न विचारावा.